वाचक विचारतात : जपानमधली नोकरी, शाळा आणि मोकळीक

जपानविषयी आलेल्या पत्रांत एक घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. साहेबांनी किंवा शाळेने सांगितलेली गोष्ट कायद्यात आहे, नियमावलीत आहे की नुसती रीत आहे, हे कळत नाही. तिन्ही गोष्टी तिथे सारख्याच नम्रपणे सांगितल्या जातात, त्यामुळे तिन्हींचं वजन सारखंच वाटतं. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी ते वेगळं केलं आहे. नोकरदारांनी एवढं लक्षात ठेवावं की दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला लेखी नियमावली, म्हणजे 'शुग्यो किसोकु', करावीच लागते आणि ती कर्मचाऱ्यांना वाचायला उपलब्ध ठेवावी लागते. ती मागण्यात उद्धटपणा नाही.

प्रश्न : टोकियोत एका सॉफ्टवेअर कंपनीत तीन वर्षं कायम नोकरीत (सेईशाइन) आहे. दुसरीकडची नोकरी पक्की झाली आहे. करारात तीन महिन्यांची नोटीस आहे. विभागप्रमुख म्हणतात, प्रकल्प संपेपर्यंत सोडता येणार नाही. सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागेल. काय करावं?

जपानच्या नागरी संहितेचं कलम ६२७ सांगतं की मुदत न ठरलेल्या नोकरीत राजीनामा दिल्यावर दोन आठवड्यांनी नोकरी संपते. त्यासाठी मालकाची मंजुरी लागत नाही. बहुतेक नियमावल्यांत एक महिना लिहिलेला असतो आणि तेवढा पाळणं शहाणपणाचं, कारण काम सोपवायला तो लागतोच. तीन महिन्यांच्या अटीवर मात्र कंपनीला तुम्हाला अडवून ठेवता येत नाही. भारतात आयटीतली माणसं साठ-नव्वद दिवसांच्या नोटिशीला सरावलेली असतात, म्हणून जपानी करारातला तीन महिन्यांचा आकडाही निमूट मान्य करतात.

राजीनाम्याचे दोन कागद असतात आणि त्यांच्या नावांत बरेचजण फसतात. 'ताइशोकु नेगाई' म्हणजे सोडण्याची विनंती, आणि विनंती नाकारता येते. 'ताइशोकु तोदोके' म्हणजे सोडत असल्याची सूचना. आधी थेट वरिष्ठाशी एकट्यात बोलावं, शेवटच्या दिवसाची तारीख ठरवावी आणि मग तोदोके द्यावं. कारण लिहायचं झालं तर 'वैयक्तिक कारणास्तव' पुरतं. कागद घ्यायलाच नकार मिळाला तर टपाल कार्यालयातून 'नाइयो शोमेई' पद्धतीने पाठवावा. त्यात मजकूर काय होता आणि तो कधी पाठवला, याची टपालखात्याकडे नोंद राहते. पोच हवी असेल तर ती सेवा त्याच वेळी जोडून घ्यावी.

प्रशिक्षणाच्या खर्चाबद्दल : कामगार मानक कायद्याचं कलम १६ करार मोडल्याचा दंड आधीच ठरवून ठेवायला मनाई करतं. कामासाठी कंपनीनेच दिलेल्या प्रशिक्षणाचा खर्च या वाटेने वसूल करता येत नाही. अपवाद एका प्रकारचा. तुम्ही स्वेच्छेने घेतलेल्या शिक्षणासाठी कंपनीने कर्ज दिलं असेल आणि त्या कर्जावर तुमची वेगळी सही असेल, तर वाद होऊ शकतो. तो कागद वकिलाला दाखवा. 'होतेरासु' या सरकारी विधिसाहाय्य केंद्रात परदेशी माणसांनाही सल्ला मिळतो.

उरलेली पगारी रजा शेवटच्या आठवड्यांत घेता येते. मालकाला रजेची तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार असतो खरा, पण नोकरी संपल्यानंतरच्या तारखेवर ती ढकलता येत नाही.

नंतरची कामं क्रमाने अशी. नोकरी सुटल्याची सूचना १४ दिवसांत इमिग्रेशनला द्यायची, नवी लागल्यावर पुन्हा १४ दिवसांत. ती ऑनलाइन होते आणि विसरली तर व्हिसा वाढवताना विचारणा होते. कंपनीकडून 'गेन्सेन चोशुह्यो' (त्या वर्षीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) घ्यायचा. नवी नोकरी लगेच नसेल तर बेकारी भत्त्यासाठी 'रिशोकुह्यो' (नोकरी सुटल्याचा दाखला) हाही. दोन नोकऱ्यांमध्ये खंड पडणार असेल तर राष्ट्रीय आरोग्य विम्यासाठी १४ दिवसांत नगर कार्यालयात जायचं. तीन महिन्यांहून जास्त काळ सबळ कारणाशिवाय कामाविना राहिलात तर निवासाचा दर्जा रद्द होऊ शकतो. भारतातल्या कंपन्या पुढे 'रिलीव्हिंग लेटर' मागतात. तसा प्रकार जपानमध्ये नाही, पण 'ताइशोकु शोमेईशो' मागितल्यास देणं मालकाला कायद्याने भाग आहे. तो निघण्यापूर्वीच मागून ठेवा, नंतर पुण्याहून पत्रव्यवहार करत बसणं फार जिकिरीचं होतं.

उलट बाजूही सांगायला हवी. कामावरून काढणं जपानमध्ये अमेरिकेपेक्षा कितीतरी अवघड आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मालक कारण न देता काढू शकतो. जपानमध्ये वाजवी कारण लागतं, शिवाय ३० दिवसांची सूचना किंवा तेवढा पगार. म्हणूनच काही कंपन्या काढून टाकण्याऐवजी तुमच्याकडूनच राजीनामा लिहून घ्यायचा प्रयत्न करतात. त्याला 'ताइशोकु कानशो' म्हणतात. त्या खोलीत कशावरही सही करू नका. 'विचार करून सांगतो' म्हणून कागद घरी आणा.

प्रश्न : ऑफर लेटरमध्ये महिना ३,००,००० येन लिहिले आहेत, त्यात '४५ तासांचा ठरावीक जादा कामाचा पगार समाविष्ट' अशी ओळ आहे. हातात किती येईल आणि ही ओळ धोक्याची आहे का?

ओळ बेकायदेशीर नाही. तिला 'कोतेई झानग्योदाई' म्हणतात. पण तुमचा पगार तीन लाख नाही, हे तिच्यावरूनच कळतं. जपानमध्ये कामाची कायदेशीर मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास. त्यावर काम केलं तर दर सव्वापट, महिन्यात ६० तासांच्या पुढे दीडपट. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेसाठी आणखी पाव पट. (महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाचा दर दुप्पट आहे. कागदावर आपला कायदा जास्त उदार आहे.)

महिन्याचे कामाचे तास १६० धरले तर हिशेब असा बसतो : मूळ पगार सुमारे २,२२,००० येन, म्हणजे तासाला साधारण १,३८७. त्याच्या सव्वापटीने ४५ तासांचे सुमारे ७८,००० येन. बेरीज तीन लाख. बोनस बहुतेकदा मूळ पगाराच्या पटीत मोजतात. 'चार महिन्यांचा बोनस' म्हणजे तीन लाखांच्या चौपट धरून बसलात, तर वर्षाला तीन लाख येनांहून जास्त तूट येईल.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मूळ पगाराचा वेगळा आकडा, जादा कामाचे तास आणि त्यांची रक्कम, आणि त्या तासांहून जास्त काम झाल्यास फरक दिला जाईल असं वाक्य. या तिन्हींपैकी एकही द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल तर तिथे न गेलेलं बरं. एक तासही जादा काम झालं नाही तरी ७८,००० मिळायलाच हवेत, हेही ध्यानात असू द्या.

कपात : कर्मचारी निवृत्तिवेतन (कोसेई नेनकिन) एकूण १८.३ टक्के, त्यातला निम्मा म्हणजे ९.१५ टक्के तुमचा. आरोग्य विमा तुमच्या वाट्याला साधारण ५ टक्के, रोजगार विमा एका टक्क्याहून कमी. मिळून सुमारे १५ टक्के, आणि वर काही हजार येन आयकर. पहिल्या वर्षी हातात अडीच लाखांच्या आत-बाहेर येतात.

खरी चूक दुसऱ्या वर्षी होते. रहिवासी कर (ज्यूमिनझेई) मागच्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो आणि त्याची कपात जूनमध्ये सुरू होते. नवख्या माणसाला पहिल्या वर्षी तो भरावा लागत नाही, म्हणून तो जास्तीचं घरभाडं ठरवतो. मग दुसऱ्या जूनपासून या पगारावर महिना बाराएक हजार येन कमी यायला लागतात. १ जानेवारीला तुम्ही जपानचे रहिवासी असाल तर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावरचा सगळा कर देणं लागता, फेब्रुवारीत कायमचे भारतात परतलात तरीही. परतण्याआधी तो एकरकमी भरावा किंवा नगर कार्यालयात कर-प्रतिनिधी नेमावा. पुढे कायम निवासासाठी अर्ज केलात तर ही थकबाकी तिथे नडते.

निवृत्तिवेतनाचे पैसे : भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलेला माणूस भारतातच भविष्यनिर्वाह निधी भरत असेल आणि त्याच्याजवळ तसं प्रमाणपत्र असेल, तर जपानी निवृत्तिवेतनाची कपात होत नाही. जपानी कंपनीतच थेट नोकरी असेल तर कपात होते. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर एकरकमी परतावा मिळतो, त्यातून २०.४२ टक्के कर कापतात. मात्र परतावा घेतला की तेवढी वर्षं पुढे कशातही धरली जात नाहीत. दहाएक वर्षं राहण्याचा विचार असेल तर घाई करू नये.

प्रश्न : नियमाने वर्षाला रजा आहे, पण विभागात कोणीच घेत नाही. गणपतीला दहा दिवस गावी जायचं आहे. आजारपणाची रजा वेगळी मिळते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : आजारपणाची पगारी रजा कायद्यात नाही. काही कंपन्या देतात, बाकीच्यांकडे ताप आला की माणूस वार्षिक रजेतला दिवस खर्च करतो. लोक रजा राखून ठेवतात त्याचं मोठं कारण हेच. त्यात आळस किंवा भक्ती शोधायला नको. जर्मनीत आजारी माणसाला मालक सहा आठवडे पूर्ण पगार देतो, त्यामुळे तिथे सुट्टीचे दिवस सुट्टीलाच वापरता येतात. जपानमध्ये लांबलेल्या आजारात सलग तीन दिवसांनंतर, चौथ्या दिवसापासून, आरोग्य विम्यातून पगाराच्या सुमारे दोन-तृतीयांश रक्कम मिळते, एकूण दीड वर्षापर्यंत. तिचं नाव 'शोब्यो तेआतेकिन'. अर्जावर डॉक्टरांचा आणि कंपनीचा, दोघांचाही मजकूर लागतो.

पगारी रजा ('युक्यू') : सहा महिने नोकरी आणि ८० टक्के हजेरी झाली की १० दिवस. दीड वर्षाला ११, अडीचला १२, साडेतीनला १४, साडेचारला १६, साडेपाचला १८ आणि साडेसहा वर्षांपासून २०. न घेतलेली रजा दोन वर्षांनी बुडते. एप्रिल २०१९ पासून, १० किंवा अधिक दिवस मिळणाऱ्या प्रत्येक माणसाला वर्षात निदान ५ दिवस रजा घ्यायला लावणं ही मालकाची जबाबदारी आहे; न केल्यास माणशी ३ लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे 'कोणीच घेत नाही' हे तुमच्या विभागात खरं असेल तर कंपनी कायदा मोडते आहे.

रजेचं कारण सांगणं कायद्याने आवश्यक नाही. गणपतीचं कारण मात्र जरूर सांगा, कारण ते समजण्यासारखं आहे. ओबोनला, ऑगस्टच्या १३ ते १६ तारखेला, तेही पूर्वजांसाठी गावी जातात. 'आमच्या घरचा ओबोनसारखा सण' एवढं म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं. तारीख दोन-तीन महिने आधी ठरवा. थेट अर्ज टाकण्याआधी, ज्यांच्यावर तुमचं काम पडणार त्यांच्याशी एकेकट्याने बोला. या पायाभरणीला 'नेमावाशी' म्हणतात आणि ती झालेली नसली की अर्ज अडतो. जाण्याआधी एका पानाचा हस्तांतरण कागद करा : कोणतं काम कुठे आलं आहे, कोणाला विचारायचं, फाइल कुठे आहे. परतताना विभागासाठी खाऊ आणायची रीत आहे. तो एकेक वेगळा बांधलेला असावा. पेढ्यांचा खोका मध्ये ठेवला तर हात लावायला लोक संकोचतात. सुट्या वेष्टनातली चिक्की दुपारपर्यंत संपते.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, एप्रिलनंतर योकोहामाला जाणार. आम्ही शाकाहारी. सरकारी शाळेत घालावं का? तिथे मुलांकडून झाडलोट करून घेतात म्हणे.

घालावं, जर निदान चार-पाच वर्षं राहणार असाल तर. दोन वर्षांत परतणार असाल तर टोकियो-योकोहामा भागात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, त्यांचा विचार करा. फी मात्र बरीच भरावी लागेल.

परदेशी मुलांना सक्तीचं शिक्षण कायद्याने लागू नाही. याचा अर्थ असा की शाळेची सूचना आपोआप घरी येईलच असं नाही. पत्ता नोंदवायला नगर कार्यालयात जाल तेव्हाच शिक्षण मंडळाच्या ('क्योइकु इइनकाई') खिडकीवर प्रवेशाचा अर्ज करा. शिकवणी फी आणि पाठ्यपुस्तकं परदेशी मुलांनाही मोफत. वर्ग वयावर ठरतो, परीक्षेवर नाही. २ एप्रिल ते पुढच्या वर्षीचा १ एप्रिल अशी जन्मतारखांची तुकडी असते. १ एप्रिल २०१९ ला जन्मलेलं मूल एप्रिल २०२५ मध्ये पहिलीत गेलं, २ एप्रिलला जन्मलेलं २०२६ मध्ये. नापास करून मागे ठेवत नाहीत. जपानी येत नसेल तर काही तास वेगळ्या वर्गात भाषा शिकवण्याची सोय पुष्कळ शाळांत आहे. तुमच्या शाळेत आहे का, हे अर्ज करतानाच विचारा, कारण शेजारच्या शाळेत असून तुमच्या शाळेत नाही, असं घडतं. गणिताची काळजी नको. दुसरीत तिथली मुलं 'कुकु' म्हणजे नऊपर्यंतचे पाढे पाठ करतात. तीसपर्यंत पाढे घोकणाऱ्या घरातल्या मुलीला ते जड जाणार नाही. फक्त ते जपानी चालीत म्हणावे लागतात.

जेवण हा खरा अवघड भाग. शाळेचं जेवण ('क्युशोकु') वर्गातच होतं, पाळीवर असलेली मुलं पांढरा अंगरखा घालून वाढतात, सोबत २०० मिलिलिटर दूध. 'शाकाहारी' हा शब्द सांगून भागत नाही. 'निकु' म्हणजे मांस असं सांगितलंत तर मासा त्यात येत नाही, आणि मासा नको म्हटलं तरी सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क, 'दाशी', मिसो सूपमध्ये आणि उकडलेल्या भाज्यांतही असतो. करीच्या तयार वड्यांत बहुधा डुकराची किंवा गायीची चरबी असते, गोड पदार्थांत जिलेटिन. म्हणून यादीच करून द्यावी : निकु, साकाना (मासा), एबी (कोळंबी), दाशी, झेरातिन, आणि खात नसाल तर तामागो (अंडं). महिन्याचा तक्ता ('कोन्दातेह्यो') आधी घरी येतो, त्यावर मुलीने काय खायचं ते खुणा करून वर्गशिक्षिकांना परत द्यावा. अ‍ॅलर्जीसाठी डॉक्टरांच्या कागदावर वेगळी व्यवस्था होते, पण अ‍ॅलर्जी आहे असं खोटं सांगू नका. धार्मिक किंवा घरच्या रीतीचं कारण सांगून डबा आणण्याची परवानगी मागा. ती बहुतेकदा मिळते. डबा नेणार असाल तर त्या दिवशीच्या तक्त्यासारखा दिसेल असा करा : भाताच्या दिवशी भात, पावाच्या दिवशी पाव किंवा पोळी. लहान वयात एकटं वेगळं दिसण्याचा त्रास चवीपेक्षा मोठा असतो.

झाडलोट : हो, रोज पंधरा-वीस मिनिटं. केर काढणं, ओल्या फडक्याने फरशी पुसणं, फळा, जिने, काही शाळांत मोठ्या वर्गांकडे स्वच्छतागृहं. शिक्षकही सोबत करतात आणि ही शिक्षा नव्हे. आमच्या मते ही त्या शाळेची सर्वात चांगली बाजू आहे. ज्या समाजात झाडू कोणाच्या हाती असावा हे जातीने ठरत आलं, तिथल्या पालकांनी ती अगत्याने पाहावी.

एक इशारा मोठ्या मुलांच्या पालकांसाठी. नववीपर्यंत वर चढत जाणं आपोआप होतं, दहावी ते बारावीच्या बरोबरीचं 'कोको' (हायस्कूल) मात्र प्रवेश परीक्षेने. तेरा-चौदाव्या वर्षी जपानी न येता पोचलेल्या मुलाला दीड-दोन वर्षांत त्या परीक्षेची भाषा कमवावी लागते, आणि शाळेने दिलेले अंतर्गत गुणही ('नाइशिन') मोजले जातात. अनेक प्रांतांत परदेशी मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, पण 'जपानमध्ये येऊन अमुक वर्षांच्या आत' अशी अट घालतात. पोचल्या महिन्यातच चौकशी करा.

प्रश्न : नाशिकला शिक्षिका आहे. जपानी शाळांत केसांच्या रंगापर्यंत नियम असतात हे खरं का? मग तिथल्या मुलांना स्वातंत्र्य ते काय?

नियम खरे आहेत. ओसाकातल्या एका प्रांतिक हायस्कूलमधल्या मुलीला, केस मुळातच तपकिरी असल्याचं तिने सांगूनही, ते काळे करायला लावलं जात होतं. तिने २०१७ मध्ये प्रांतावर दावा लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने केस रंगवण्याबद्दलचा नियम वैध ठरवला, पण ती शाळेत येईनाशी झाल्यावर हजेरीपटावरून नाव आणि वर्गातून बाक काढल्याबद्दल ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला लावली. निकाल अर्धवट वाटतो, आणि आहेही. पण त्यातून झालेल्या चर्चेचा परिणाम झाला. टोकियो महानगराच्या हायस्कुलांनी एप्रिल २०२२ पासून केस सरसकट काळे हवेत, अंतर्वस्त्रं ठरावीक रंगाची हवीत, अशा स्वरूपाचे नियम काढून टाकले. त्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शिका बदलून शाळांनी नियम संकेतस्थळावर जाहीर करावेत असं सुचवलं. कुरळ्या किंवा तपकिरी केसांच्या भारतीय मुलांच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळीच तसं लेखी कळवावं. काही शाळा त्यासाठी 'जिगे शोमेईशो' नावाचा कागद भरून घेतात.

आपल्याकडच्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी आठवल्या तर हे फार परकं वाटणार नाही. फरक इतका की आपल्याकडे शाळेबाहेर मुलगी घरच्या नजरेखाली असते आणि तिथे सहा वर्षांचं मूल एकटं किंवा घोळक्याने चालत शाळेत जातं, रेल्वेने प्रवास करतं. हालचालीचं स्वातंत्र्य जपानी मुलाला आपल्या मुलांपेक्षा खूप जास्त आहे, दिसण्याचं आणि वेगळं बोलण्याचं कमी. त्याची किंमतही आहे. वर्षात ३० किंवा अधिक दिवस शाळेत न गेलेली ('फुतोको') प्राथमिक आणि माध्यमिक मुलं २०२३ च्या शैक्षणिक वर्षात ३ लाख ४६ हजार ४८२ होती. आजारपण आणि आर्थिक अडचण हे कारण असलेली यात धरलेली नाहीत. २०१६ च्या कायद्याने अशा मुलांना शाळेबाहेर शिकण्याची गरज मान्य केली. मुख्याध्यापकांनी ठरवलं तर पर्यायी केंद्रातले दिवस हजेरीत धरता येतात.

प्रश्न : सांगलीची परिचारिका आहे. वृद्धसेवेच्या कामासाठी एजन्सी जपानला पाठवते म्हणते. पाच वर्षांनी परत यावंच लागतं का? नवऱ्याला नेता येईल? मालक बदलता येईल?

हा मार्ग 'तोकुतेई गिनो' म्हणजे विशिष्ट कौशल्य कामगाराचा. भारताशी त्याबद्दलचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. या व्हिसाच्या पहिल्या वर्गात एकूण पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. त्यासाठी तीन परीक्षा : वृद्धसेवेची कौशल्य परीक्षा, जपानीची एन-४ किंवा जेएफटी बेसिक, आणि वृद्धसेवेतल्या जपानीची वेगळी परीक्षा. भारतातली परिचारिकेची पदवी या कामाला उपयोगी पडेल, पण तिथे तुम्ही परिचारिका नसाल. आंघोळ घालणं, भरवणं, उचलणं, नोंदी लिहिणं हे काम असेल. हे नीट समजून जा, कारण निराशा बहुधा इथूनच सुरू होते.

पाच वर्षांत परतायचं नसेल तर वाट एकच आणि ती पहिल्या दिवसापासून धरावी लागते : 'काइगो फुकुशिशी' (प्रमाणित वृद्धसेवक) ही राष्ट्रीय परीक्षा. तिला बसायला तीन वर्षांचा कामाचा अनुभव आणि 'जित्सुमुशा केनश्यू' हा सर्वसाधारणपणे ४५० तासांचा अभ्यासक्रम लागतो. लेखी परीक्षा जानेवारीत असते. म्हणजे पाच वर्षांत मोजकेच प्रयत्न होतात. उत्तीर्ण झालात की निवासाचा दर्जा बदलतो, कितीही वेळा वाढवता येतो आणि नवऱ्याला, मुलांना नेता येतं. नोकरी निवडताना पगाराआधी हे विचारा : अभ्यासक्रमाचे तास पाळीत बसवून देता का, आणि त्याची फी कोण भरतं?

मालक बदलता येतो, त्याच क्षेत्रात. पण तुमच्या पासपोर्टला जोडलेल्या 'शितेइशो' या कागदावर मालकाचं नाव असतं, त्यामुळे नव्या जागेसाठी इमिग्रेशनची परवानगी आधी घ्यावी लागते. परवानगी येईपर्यंत नव्या ठिकाणी एक दिवसही काम करू नका, जुनी नोकरीही घाईत सोडू नका. मधल्या काळात पगार नसतो.

एजन्सी : परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं आणि त्याची पावती मिळायला हवी. लाखांत रक्कम मागणारा, किंवा पासपोर्ट 'सांभाळायला' मागणारा, टाळा. निवासपत्र जपानमध्ये सदैव जवळ बाळगावं लागतं. ते आणि पासपोर्ट तुमच्याच पिशवीत हवेत.

प्रश्न : वर्क व्हिसावर असताना मोर्च्यात जाणं, सरकारवर टीका करणं चालतं का?

बोलण्याचं आणि सभेचं स्वातंत्र्य १९४७ पासून लागू असलेल्या संविधानात आहे आणि ते परदेशी माणसालाही साधारणपणे मिळतं. अडचण व्हिसाच्या नूतनीकरणात आहे. १९७८ च्या मॅकलेन निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे हक्क मान्य केले, पण ते निवासाच्या व्यवस्थेच्या चौकटीतच, आणि मुदत वाढवताना अशी कृती मोजायला मंत्र्यांना मोकळीक आहे असं ठरवलं. दावा लावणारा मॅकलेन इंग्रजीचा शिक्षक होता, निदर्शनांत सामील झाला होता आणि त्याची मुदतवाढ नाकारली गेली. निकाल अजून उलटलेला नाही. शांततेच्या, परवानगी घेतलेल्या मोर्च्यात जाणाऱ्यांना व्यवहारात सहसा त्रास होत नाही, पण निवासपत्र जवळ असू द्या. पोलिसांनी मागितल्यास ते दाखवावंच लागतं. मतदानाला मात्र नागरिकत्व लागतं. मराठी मुळाचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले ते जपानी नागरिकत्व घेतल्यानंतर.

प्रश्न : शुक्रवारी ऑफिसच्या दारूपार्टीला ('नोमिकाई') जावंच लागतं का?

नाही. ही रीत आहे, आणि ती सैल होत चालली आहे. हजेरी सक्तीची केली तर तो वेळ कामाचा धरावा लागू शकतो, हे कंपन्यांनाही माहीत असतं. वर्षअखेरची आणि नव्या माणसाच्या स्वागताची, अशा दोन पार्ट्यांना जा. पहिल्या ग्लासाला सगळ्यांबरोबर उभे राहा, त्यात उलोंग चहा असला तरी कोणी काही म्हणत नाही. खाणं ताटांतून वाटून घेतात आणि वर्गणी सारखी पडते, तेव्हा शाकाहारी असाल तर आयोजकाला ('कांजी') आठवडाभर आधी सांगा. म्हणजे भाजलेले शेंगदाणे आणि एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) यांवर चार हजार येन घालवावे लागणार नाहीत.